दोर तुटेल हे धरून चालणारा माणूस

आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचं छोटंसं चरित्र लिहून द्या, शक्यतो अपयशातून यशाकडे गेलेल्या माणसाचं, म्हणजे मुलांनाही वाचायला देता येईल, असं संपादक मंडळाने मला सांगितलं. अशा विषयाला एडिसन, लिंकन ही नावं ठरलेली असतात. त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आहेत. मी मात्र अशा माणसाबद्दल लिहिणार आहे की ज्याच्या कामावर आपण सगळे दिवसातून चार-सहा वेळा अक्षरशः जीव सोपवतो, आणि तरीही त्याची जन्मतारीख आपल्यापैकी कुणाला सांगता येणार नाही.

त्याचं नाव एलायशा ग्रेव्हज ओटिस. आडनाव तुम्ही नक्की वाचलेलं आहे. जगभरातल्या असंख्य लिफ्टमध्ये, बटणांच्या पट्टीवर किंवा दाराच्या उंबऱ्यावर ते कोरलेलं असतं. नाव वाचून आपण मजला आला की उतरून जातो. त्यामागे एक माणूस होता, त्याला बायकापोरं होती, कर्ज होतं, आजारपण होतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझी ३१ वर्षं लिफ्टच्या कामात गेली, आधी इरेक्शनला आणि नंतर मेंटेनन्सला. त्यामुळे सोसायटीत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. दोर तुटला तर काय होईल? लग्नाच्या पंगतीत विचारतात, गणपतीच्या आरतीनंतर विचारतात. या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच ओटिसचं चरित्र आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओटिसचा जन्म ३ ऑगस्ट १८११ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, हॅलिफॅक्स नावाच्या गावी झाला. शेतकऱ्याचं घर, सहा भावंडं, त्यात हा शेंडेफळ. शेतीत त्याचं मन नव्हतं. विशीच्या आसपास तो घर सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात गेला आणि बांधकामाच्या कामाला लागला. १८३४ मध्ये त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव सुझन. संसार नीट सुरू होतोय न होतोय तोच न्यूमोनियाने त्याला गाठलं. त्या काळी न्यूमोनिया म्हणजे बहुधा शेवटच. तो वाचला, पण बांधकामाचं अंगमेहनतीचं काम सुटलं.

मग त्याने मालवाहतुकीच्या घोडागाड्या हाकल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर टेम्पो चालवला. पैसा पैसा करून काही रक्कम साठवली आणि बायको-मुलाला घेऊन परत व्हरमाँटच्या डोंगरात गेला. तिथे ग्रीन नावाच्या नदीकाठी त्याने स्वतःच्या हाताने पिठाची गिरणी बांधली. पाण्यावर चालणारी चक्की, तिचं चाक, दांडे, दाते, सगळं त्याचंच. गिरणी चालायची झकास, पण दळण यायचं नाही. त्याने तीच गिरणी बदलून लाकूड कापायची केली. तिलाही गिऱ्हाईक मिळेना.

मग तो त्याच जागेत घोडागाड्या आणि बग्ग्या बनवू लागला. गाडी हाकलेली होती, त्यामुळे ती कुठे खचते आणि कुठे मोडते हे त्याला माहीत होतं. या कामात त्याचा हात चांगला बसला. काही वर्षं बरी गेली. आणि मग सुझन वारली. घरात दोन लहान मुलं, थोरला चार्ल्स आणि धाकटा नॉर्टन. नॉर्टन तर अगदीच तान्हा.

इथे मी थोडा थांबतो, कारण चरित्रं लिहिताना आपण अशा ठिकाणी घाईने पुढे जातो. माणसावर संकट आलं, तो डगमगला नाही, आणि पुढचा परिच्छेद. ओटिस डगमगला असणार. तिशी नुकतीच ओलांडलेला विधुर, पदरी दोन मुलं, दोन धंदे बुडालेले. बरं, बुडण्याचं कारण आळस नव्हे, व्यसन नव्हे, कामचुकारपणाही नव्हे. ज्यात काम करून शिकता येतं ते सगळं त्याला येत होतं. ज्यात फक्त नशिबाची साथ लागते, तिथे तो कमी पडत होता.

१८४५ मध्ये, ३४ व्या वर्षी, त्याने पुन्हा संसार मांडला. एलिझाबेथ नावाच्या बाईशी लग्न केलं आणि मुलांना घेऊन ऑल्बनी शहरात आला. तिथे लाकडी पलंगांच्या कारखान्यात त्याला मेकॅनिकची नोकरी मिळाली. पलंगाच्या लांब दांड्या लेथवर हाताने कातायच्या, हे तिथलं कंटाळवाणं काम. ओटिसने एक यंत्र तयार केलं. हातकामाच्या चौपट वेगाने दांड्या निघू लागल्या. मालक खूश झाला, त्याने ५०० डॉलर बक्षीस दिले. त्या काळात ही मोठी रक्कम होती.

आपल्यातला एखादा असता तर त्याने ते पैसे पोस्टात ठेवले असते. ओटिसने स्वतःचं वर्कशॉप काढलं. एका ओढ्याकाठी जागा भाड्याने घेतली, ओढ्याच्या पाण्यावर यंत्रं चालवली. तिथे तो लोकांची कामं करून द्यायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या कल्पनांवर खटपट करायचा. त्यातली एक कल्पना रेल्वेच्या ब्रेकची होती. धावणारी गाडी पटकन आणि खात्रीने कशी थांबवायची, हा प्रश्न तेव्हा ताजा होता. रेल्वेचे अपघात वारंवार व्हायचे. ओटिस त्या ब्रेकच्या मागे लागला.

आणि मग ऑल्बनी शहराने पिण्याच्या पाण्याच्या योजनेसाठी त्या ओढ्याचं पाणी वळवून घेतलं.

आता यात चूक कुणाची? शहराला पाणी हवंच होतं. टँकर मागवायची वेळ आपल्यावर आली होती ती वर्षं आठवली की नगरपालिकेची बाजूही पटते. पण ओटिसच्या वर्कशॉपचं चाक थांबलं. जमीन तिथेच, यंत्रं तिथेच, कारागीर तोच, आणि शक्तीच नाही. तिसरा धंदाही गेला.

हे वाचताना आपल्याच इमारतीतली काही घरं माझ्या डोळ्यांसमोर येतात. नव्वदच्या दशकात ठाण्याच्या पट्ट्यात कारखाने एकामागून एक बंद पडले तेव्हा गेटवर नोटीस वाचून घरी आलेली माणसं या सोसायटीत राहतात. त्यांचीही चूक नव्हती. त्यातले एक टर्नर होते. २२ वर्षं लेथवर काढली होती. आज त्यांच्या छोट्या गाळ्यात चार माणसं कामाला आहेत. मी त्यांना एकदा विचारलं होतं की कंपनी बंद पडली तेव्हा हाती काय उरलं. त्यांनी काही न बोलता नुसते दोन्ही हात पुढे करून दाखवले.

ओटिसच्याही हाती तेच उरलं होतं. वर्कशॉप बंद करून तो पुन्हा नोकरीला लागला, आधी न्यू जर्सीत आणि मग १८५२ च्या सुमारास हडसन नदीकाठच्या यॉंकर्स गावी. तिथल्या एका जुन्या लाकूडगिरणीच्या इमारतीत त्याच्या मालकाला पलंगांचा कारखाना उभा करायचा होता. ओटिसने जागा साफ करायची, यंत्रं बसवायची, कारखाना चालू करून द्यायचा. वय ४० च्या पुढे, दुसऱ्याचा नोकर, आणि काम पुन्हा पलंगांचंच.

कारखाना एकापेक्षा जास्त मजल्यांचा होता. जड सामान वर कसं न्यायचं, हा प्रश्न आला.

इथे एक गैरसमज दूर करतो. लिफ्टचा शोध ओटिसने लावलेला नाही. दोराला फळी बांधून माल वर ओढायची युक्ती फार प्राचीन आहे. ओटिसच्या काळात कारखान्यांत, गोदामांत, खाणींत अशा फळ्या सर्रास होत्या. त्यांना आपण माललिफ्ट म्हणू. अडचण एकच होती, आणि ती सर्वांना माहीत होती. दोर तुटायचे. तागाचा, अंबाडीचा दोर किती दिवस टिकणार? ओलाव्याने कुजायचा, घासून झिजायचा. दोर तुटला की फळी खाली, आणि तिच्यावरचा माल आणि माणसंही खाली. म्हणून शहाणी माणसं माल फळीवर ठेवून स्वतः जिन्याने जायची.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे दोर आणखी जाड करा. ओटिसने प्रश्न उलट्या बाजूने धरला. दोर कितीही जाड केला तरी तो कधी ना कधी तुटणार, हे त्याने मान्यच करून टाकलं. मग तुटला तरी फळी पडू नये यासाठी काय करता येईल, एवढंच त्याने पाहिलं.

त्याने केलं ते असं. फळी ज्या दोन उभ्या खांबांमधून वर-खाली जायची, त्या खांबांना त्याने करवतीसारख्या दातेरी पट्ट्या बसवल्या. फळीच्या वरच्या चौकटीवर एक पोलादी पाटा बसवला. ट्रकच्या चाकावर असतो ना, तसा कमानीसारखा पाटा, म्हणजे घोडागाडीचा पाटा. मालाचा दोर या पाट्याच्या मध्यभागी बांधला. फळी दोराला लटकलेली असेल तोवर तिच्या वजनाने पाटा ताणून वाकलेला राहायचा आणि त्याच्या दोन टोकांच्या खिट्ट्या आत ओढलेल्या असायच्या. दोर तुटला की ताण गेला. ताण गेला की पाटा झटकन सरळ. आणि सरळ झाला की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर येऊन खांबांच्या दात्यांत अडकायच्या. फळी जागच्या जागी उभी.

बस, एवढंच. वाफ नाही, वीज नाही, कुणी माणूस धावत येऊन कळ ओढायला नको. ज्या क्षणी संकट येतं, त्या संकटानेच बचाव सुरू होतो.

आता माझं म्हणणं मांडतो. पाटा कुठून आला? घोडागाड्या हाकणाऱ्या आणि बांधणाऱ्या माणसाला पाट्याचा स्वभाव ठाऊक होता. किती वजनाने तो किती वाकतो आणि सोडल्यावर किती जोराने परत येतो, हे त्याच्या हाताला माहीत होतं. चौकट आणि दाते कुठून आले? दोन गिरण्या त्याने स्वतः बांधल्या होत्या. धावती वस्तू आपोआप थांबवायचा विचार कुठून आला? ओढ्याकाठच्या वर्कशॉपमध्ये तो ब्रेकच्याच मागे होता. पिठाची गिरणी बुडाली, लाकडाची बुडाली, गाड्यांचा धंदा सुटला, वर्कशॉप गेलं. धंदा म्हणून सगळे गेले, पण प्रत्येकातला एकेक भाग त्या फळीवर येऊन बसला. यातला एक जरी धंदा चांगला चालला असता, तर ओटिस व्हरमाँटच्या डोंगरात सुखाने गाड्या बनवत म्हातारा झाला असता.

अपयश ही यशाची पहिली पायरी असते, हे वाक्य शाळेच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी वाचलं. माझा अनुभव असा की अपयश आपोआप काहीच शिकवत नाही. ते नुसतं लागतं. शिकवतं ते त्या वेळी मन लावून केलेलं काम. दळण आलं नाही म्हणून गिरणी बंद पडली, पण चाक कसं बांधायचं ते बांधणाऱ्याला आलंच. ते कुणी जप्त करू शकलं नाही.

गंमत म्हणजे ओटिसला स्वतःला या युक्तीचं काही विशेष वाटलं नाही. त्याने तेव्हा पेटंटही घेतलं नाही. कारखान्याची गरज भागली, विषय संपला. मग तो कारखानाही डबघाईला आला आणि पुन्हा एकदा ओटिस रस्त्यावर येण्याच्या बेतात होता. तेव्हा कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची हवा होती. अर्धी अमेरिका तिकडे धावत होती. ओटिसनेही गाशा गुंडाळून तिकडे जायचं ठरवलं.

तेवढ्यात न्यूयॉर्क शहरातून एक फर्निचरवाला आला. त्याच्याकडे माललिफ्टचा अपघात झाला होता. यॉंकर्सला असलेली न पडणारी फळी त्याला हवी होती, एक नव्हे दोन. सप्टेंबर १८५३ ची ही गोष्ट. दर नगाला ३०० डॉलर. ओटिसने कॅलिफोर्नियाचा बेत रद्द केला आणि यॉंकर्सलाच स्वतःचा लिफ्टचा कारखाना काढला.

त्यानंतर काय झालं? पुन्हा काहीच झालं नाही. सुरुवातीच्या थोड्या ऑर्डर संपल्या आणि महिनोन्‌महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. लोकांचा विश्वासच बसेना. सुरक्षित आहे असं प्रत्येक विकणारा सांगतोच.

इथे मात्र ओटिस आधीच्या वेळेपेक्षा वेगळा वागला. गिरणीच्या वेळी तो माल चांगला करून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता. या खेपेला तो गिऱ्हाइकाकडे गेला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या भव्य इमारतीत मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. मे १८५४ मध्ये ओटिसने तिथे आपली फळी उभारली. तिच्यावर पेट्या, पिंपं असा माल चढवला, स्वतः उभा राहिला, फळी सगळ्यांच्या डोक्यावर उंच नेली, आणि दोर कापायला सांगितला.

दोर तुटला. गर्दीचा श्वास अडकला असेल. फळी काही इंच खाली आली आणि थांबली. वर उभ्या असलेल्या ओटिसने डोक्यावरची टोपी काढून, सगळं ठीक आहे, अशी ग्वाही दिली. हा प्रयोग त्याने तिथे पुन्हा पुन्हा केला.

मला या प्रसंगात नेहमी वाटतं ते सांगतो. लिफ्ट बसवल्यावर ती चालू करून देण्याआधी आम्हीही ही परीक्षा घ्यायचो. लिफ्ट खाली येत असताना गव्हर्नर मुद्दाम अडकवायचा आणि खालची सेफ्टी रेल पकडते की नाही ते पाहायचं. पकडली की धडाम आवाज येतो, रेलवर ओरखडे पडतात, ते फाइलने घासून नीट करावे लागतात. पण ही परीक्षा घेताना आत माणूस ठेवत नाहीत. ओटिस स्वतः उभा राहिला होता, वयाच्या ४२ व्या वर्षी, पदरी संसार असताना. त्याला मी शौर्य म्हणणार नाही. पाट्यावर त्याचा विश्वास होता, कारण पाटा त्याने आयुष्यभर वापरला होता.

त्यानंतर ऑर्डर वाढू लागल्या, पण हळूहळू. १८५६ मध्ये वर्षभरात २७ लिफ्ट विकल्या गेल्या. सगळ्या मालाच्या. माणसं चढायला आणखी एक वर्ष लागलं. २३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, काचसामान आणि चिनी मातीची भांडी विकणाऱ्या हॉवट यांच्या पाच मजली दुकानात ओटिसची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. वाफेवर चालणारी, मिनिटाला साधारण ४० फूट जाणारी. आपल्या इमारतीतली धडधाकट मुलं जिन्याने तिच्या आधी पोहोचली असती. पण गिऱ्हाईक पाचव्या मजल्यावर न दमता पोहोचू लागलं, हे पहिल्यांदाच घडलं.

तोवर घराची, दुकानाची किंमत मजला वाढला की घटायची. वरचे मजले नोकरांना, गरिबांना किंवा अडगळीला. आज बिल्डर वरच्या मजल्यासाठी फ्लोअर राइझ म्हणून जादा पैसे मागतो. जगभरातल्या इमारतींची ही उलटापालट लिफ्टवर विश्वास बसल्यामुळे झाली. आपल्या सातव्या मजल्यावरचे सभासद खाडीचा वारा खात चहा घेतात, त्यात त्या पाट्याचा वाटा आहे.

चरित्र इथे संपवलं असतं तर गोड झालं असतं. पण खरं ते सांगायला हवं. ओटिस श्रीमंत झाला नाही. एका गोष्टीत तो कधीच सुधारला नाही, ती म्हणजे हिशेब. एक काम जमत आलं की त्याचं डोकं दुसरीकडे धावायचं. लिफ्टचा धंदा जेमतेम उभा राहत असताना तो वाफेच्या नांगरावर आणि पाव भाजायच्या फिरत्या भट्टीवर खटपट करत होता. त्यांची पेटंटंही घेतली, पैसे काही मिळाले नाहीत. तो आपल्या सोसायटीचा सभासद असता तर मेंटेनन्सच्या थकबाकीदारांच्या यादीत खजिनदारांनी त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावलं असतं, आणि पंप बिघडला की पहिला फोनही त्यालाच केला असता.

लिफ्टचं त्याचं मुख्य पेटंट १५ जानेवारी १८६१ रोजी मिळालं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ८ एप्रिल १८६१ रोजी, घटसर्पाने तो यॉंकर्सला वारला. वय ४९. चारच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि यॉंकर्सच्या त्या कारागिराकडे लक्ष द्यायला कुणाला सवड राहिली नाही. मागे राहिला एक छोटा कारखाना आणि त्यावरचं कर्ज.

तो कारखाना चार्ल्स आणि नॉर्टन यांनी चालवला. ही तीच मुलं, ज्यांची आई लहानपणी गेली आणि ज्यांचा बाप त्यांना घेऊन गावोगाव फिरला. वर्कशॉपमध्ये वडिलांच्या हाताखाली त्यांनी काम शिकलं होतं. बापाला जे जमलं नाही ते, म्हणजे धंदा एकाच गोष्टीवर टिकवणं आणि हिशेब चोख ठेवणं, त्यांनी जमवलं. १८८९ मध्ये पॅरिसला आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा त्याच्या वाकड्या पायांतून वर जाणाऱ्या लिफ्टचं अवघड काम या ओटिस बंधूंच्या कंपनीने केलं. म्हणजे शेवटचं अपयश बापाचं राहिलं आणि त्यातून शिकली मुलं. घरात असंही घडतं. आपण ज्यात कमी पडलो ते मुलांनी नुसतं जवळून पाहिलं तरी कधी कधी पुरतं.

आता त्या हमखास प्रश्नाचं उत्तर.

आपल्या लिफ्टला एक दोर नसतो, अनेक असतात, आणि एकेक दोर गरजेपेक्षा कितीतरी पटीने मजबूत असतो. समजा तरीही लिफ्ट ठरल्यापेक्षा जोरात खाली येऊ लागली, तर मशीन रूममधला गव्हर्नर ते ओळखतो आणि लिफ्टच्या खालचा सेफ्टी गिअर दोन्ही रेल घट्ट पकडतो. त्याला वीज लागत नाही. मोटरचा ब्रेकही असाच. वीज असते तेव्हा तो उघडा राहतो. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने आपोआप लागतो. म्हणून लाइट गेल्यावर लिफ्ट मधेच थांबली तर घाबरू नका, ती अडकलेली नाही, तिने स्वतःला धरून ठेवलेलं आहे. दाते गेले, रेल आल्या, पाटा जाऊन स्प्रिंगा आल्या, पण विचार ओटिसचाच आहे. सगळं बंद पडेल हे आधीच धरायचं, आणि बंद पडल्यावर काय व्हावं ते आधीच ठरवून ठेवायचं.

लिफ्टचे अपघात आजही होतात, पण माझ्या अनुभवात ते बहुतेक दाराशी होतात. अर्धवट थांबलेल्या लिफ्टमधून दार ओढून उडी मारणं, कुलूप बिघडलेलं असताना दार जोराने उघडणं, लहान मुलांना एकटं सोडणं. वर्षाचं इन्स्पेक्शन आणि मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट यांवर दर वार्षिक सर्वसाधारण सभेत जी खडाजंगी होते ती जरूर होऊ दे, फक्त शेवटी तो खर्च मंजूर करा.

आणि आपल्या सोसायटीतल्या तरुण मुलामुलींसाठी दोन शब्द. तुमच्यापैकी कुणाचा पहिला इंटरव्ह्यू हुकेल, कुणाची कंपनी बंद पडेल, कुणाचा धंदा दोन वर्षांत गुंडाळावा लागेल. असं होणारच नाही, अशी खात्री मी देऊ शकत नाही. दोर तुटतात. तुम्ही जे काम करत असाल ते नीट शिकून घ्या, मग ते पलंगाच्या दांड्या कातायचं का असेना. पुढे ते कुठे उपयोगी पडेल हे तुम्हाला आज दिसणार नाही, ओटिसलाही दिसलं नव्हतं. जमलं तर हिशेबही लिहीत जा.

रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासदांना मनःपूर्वक शुभेच्छा.